ठेकेदाराचे काम आणि आमचे छप्पर

भोसरी औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी काही वर्षे सुरक्षा अधिकारी होतो, तिथली मुख्य शेड सत्तरच्या दशकातली असून तिच्यावर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पन्हाळी पत्रे होते. दर वर्षी वळवाच्या पहिल्या सरीत कुठे ना कुठे गळती दिसायची आणि जूनच्या आत ती बंद करण्यासाठी खरेदी विभागाची धावपळ सुरू व्हायची. त्या वर्षीही सर्वांत कमी दर देणाऱ्या ठेकेदाराच्या नावे कामाचा आदेश निघाला. आदेशाच्या शेवटी नेहमीचे कलम होतेच : ‘कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची सर्व जबाबदारी ठेकेदाराची राहील.’

काम गुरुवारी ठेवले होते. पुणे परिसरातल्या औद्योगिक वसाहतींना बहुधा गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे छपरावरची कामे आम्ही त्याच दिवशी काढत असू. सकाळी फाटकावर ठेकेदाराची माणसे आली तेव्हा त्यांची कागदपत्रे अगदी चोख होती. राज्य कामगार विम्याचे क्रमांक, उंचीवर काम करण्यास योग्य असल्याचे डॉक्टरांचे दाखले, हेल्मेट, बूट आणि प्रत्येकाला पूर्ण शरीराचा हार्नेस, म्हणजे पडणाऱ्याला धरून ठेवणारे अंगावरचे पट्टे, असे सगळे होते. कागद पाहून काम सुरू करण्याचा परवाना द्यायचा असता तर पाच मिनिटांत देता आला असता.

मुकादम लातूरकडचा, पन्नाशीचा, मोजके बोलणारा माणूस होता. मी त्याला विचारले, “दादा, हार्नेसचा हूक वर कशाला अडकवणार?”

“पत्र्याच्या जे-बोल्टला, साहेब.”

जे-बोल्ट हा पत्रा पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या तुळईला, धरून ठेवण्यासाठी असतो. पडणाऱ्या माणसाचा झटका पेलणे हे त्याचे कामच नव्हे, आणि आमचे बोल्ट तर अनेक पावसाळ्यांत गंजून गेलेले. मी तसे म्हटल्यावर मुकादमाने शांतपणे उलट विचारले, “मग वर दुसरं काय असतंय बांधायला?” त्याचे म्हणणे खरे होते. आमच्या छपरावर एकही पक्का आधारबिंदू नव्हता. हार्नेस आणणे हे ठेकेदाराचे काम होते आणि त्याने ते केले होते. पण तो अडकवायची जागा इमारतीत असते, आणि इमारत आमची होती.

मी परवान्यावर सही न करता शेडमध्ये गेलो, तर दुसऱ्या बेमधली, म्हणजे खांबांच्या दोन रांगांमधल्या दुसऱ्या भागातली, क्रेन चालू होती. अडकलेली एक खेप पाठवण्यासाठी त्या बेमध्ये सुट्टीच्या दिवशीही पाळी चालवायची, असे उत्पादन विभागाने आदल्या संध्याकाळी ठरवले होते. क्रेनला वीज देणाऱ्या उघड्या पट्ट्या, ज्यांना शॉपमध्ये सगळे ‘डीएसएल’ म्हणतात, गँट्रीच्या, म्हणजे क्रेन ज्यावर धावते त्या उंचावरच्या तुळईच्या, कडेने जात होत्या आणि ठेकेदाराची माणसे त्याच बाजूने शिडी लावणार होती. क्रेन चालवणाऱ्याला वर माणसे येणार हे ठाऊक नव्हते, आणि वर जाणाऱ्यांना खाली क्रेन फिरणार हे ठाऊक नव्हते.

तेवढ्यात देखभाल विभागातले आमचे जुने फिटर मामा तिथे आले आणि सहज म्हणाले, “वर जाताय तर काचपत्र्यांचं सांगितलंय ना यांना?” उजेडासाठी बसवलेले फायबरचे पारदर्शक पत्रे उन्हाळ्यात फार तापतात म्हणून कोणे एके काळी त्यांवर करडा रंग मारलेला होता. पुढे त्यावर धूळ बसली, गळतीसाठी डांबराचे थर चढले, आणि वरून पाहताना सिमेंटचा पत्रा कोणता आणि फायबरचा कोणता हे ओळखणे अशक्य झाले. मामांना मात्र ओळीनुसार सगळे पाठ होते. निविदा काढताना त्यांना कोणी विचारले नव्हते. ती पद्धतच नव्हती.

काम थांबवले. कारखाना व्यवस्थापकांच्या खोलीत झालेली चर्चा फारशी गोड नव्हती. खरेदी विभागाचे म्हणणे असे, की दर ठेकेदाराने स्वतःच दिला आहे, तेव्हा लागेल ते त्यानेच आणावे. त्या वेळी लागू असलेला कारखाने अधिनियम, १९४८ मी सोबत नेला होता. त्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही येतो, आणि तोही मुख्य मालकाला त्याची माहिती असो वा नसो. शिवाय कलम ७-अ नुसार कारखान्यात काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेची काळजी घेण्याचे कर्तव्य भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे असतो त्याच्यावर, आहे. आदेशातल्या एका ओळीने ते दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. व्यवस्थापकांनी ते कलम दोनदा वाचले आणि मग एवढेच विचारले, की जूनच्या आत काम होईल ना.

पुढच्या गुरुवारपर्यंत बरेच काही झाले. छपराला पेलणाऱ्या कैचीच्या पोलादी सांगाड्याला बांधून हूक अडकवण्यासाठी तारदोराची लाइफलाइन ओढली, पत्र्यांवर चालण्यासाठी पर्लिनवर टेकणाऱ्या फळ्या आणल्या आणि कामाच्या पट्ट्याखाली सुरक्षा जाळी लावली. मामांनी शेडच्या जुन्या आराखड्यावर फायबरचे पत्रे लाल पेन्सिलीने दाखवून दिले. दोन्ही बेमधल्या क्रेन बंद केल्या, डीएसएलचा मुख्य स्विच पाडून त्याला कुलूप लावले आणि किल्ली मुकादमाच्या खिशात दिली. आमच्या विद्युत विभागाला हे शेवटचे फारसे रुचले नाही, पण ज्याची माणसे वर आहेत त्याच्याकडेच किल्ली असावी या मतावर मी आजही ठाम आहे. ॲस्बेस्टॉसचा पत्रा ग्राइंडरने कापायचा नाही, खराब पत्रा शक्यतो अखंड उतरवायचा आणि हात लावण्याआधी पाण्याने भिजवायचा, म्हणजे त्याचे तंतू हवेत उडणार नाहीत, हेही सकाळी सर्वांना सांगितले.

फळ्या फक्त लाल खुणांच्या आसपास टाकाव्यात, म्हणजे काम लवकर उरकेल, अशी सूचना आमच्याच एका अभियंत्याने केली. मुकादमाने ती मानली नाही. “नकाशावर नसला तरी पत्रा जुनाच आहे ना, साहेब,” असे म्हणून त्याने सगळीकडे फळ्या टाकायला लावल्या आणि एकालाही हूक काढू दिला नाही.

दुपारी डांबराची बादली घसरू लागली म्हणून एका तरुण कामगाराने ती धरायला फळीबाहेर पाय टाकला. पत्रा फुटला आणि तो कमरेपर्यंत खाली गेला. हार्नेसचा पट्टा ताणला गेला, मुकादम आणि आणखी एकाने त्याला वर ओढून घेतले, आणि पत्र्याचे तुकडे खालच्या जाळीत पडले. जाळीखाली लेथ होता. मुलाच्या मांडीला खरचटले होते. प्रथमोपचार करून त्याला कामगार विम्याच्या दवाखान्यात पाठवले. फुटलेला पत्रा फायबरचा नव्हता. साधा सिमेंटचा, आराखड्यावर कोणतीही खूण नसलेला. आमचे छप्पर आम्हाला ठाऊक होते, पण जुना पत्रा कसा वागतो हे मुकादमाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

वाढीव बिल मंजूर व्हायला वेळ लागला, पण ते झाले. त्यानंतर छपराच्या कामाची दरपत्रके मागवताना जाळी, लाइफलाइन आणि फळ्या यांच्या स्वतंत्र ओळी असाव्यात आणि मामांचा आराखडा सोबत जोडावा, एवढे मी मान्य करून घेतले. या ओळी नसतात तेव्हा जो ठेकेदार या गोष्टी गाळतो त्याचाच दर सर्वांत कमी येतो आणि जो मनापासून त्या धरतो तो बाहेर पडतो. पुढच्या वर्षी सगळ्यांचे दर वाढून आले, मात्र त्यांच्यातले अंतर बरेच कमी झाले होते. काम एकाच दिवसाचे असल्याने जाळीची ओळ वगळता येईल का, असा शेरा मारून खरेदी विभागाने ती फाइल माझ्याकडे पाठवली. मी त्याखाली ‘शेडची उंची ९ मीटर’ एवढेच लिहून ती परत केली.