आमची वाटचाल : परळ डेपोची लाइन ते ओटीपी

आमच्या ट्रॅव्हल्सची सुरुवात संपामुळे झाली असं सांगितलं की लोक हसतात, पण खरंय ते. माझे सासरे, आमचे अण्णा, लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर होते. जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो काही मिटलाच नाही. घरात बसून करणार काय, मग शिमग्याला नि गणपतीला चाळीतल्या लोकांसाठी एसटीच्या परळ डेपोत लाइन लावायला लागले, पुढे गाववाल्यांची नावं वहीत लिहून, पैसे गोळा करून अख्खी एसटीच ग्रुप बुकिंगने करायला लागले. माणशी दोन रुपये सुटायचे. म्हणजे आम्ही विकत होतो ती लाइन, तिकीट काय, सरकारचंच.

मी लग्न होऊन आले १९९९ ला. तोवर कोकण रेल्वे सुरू होऊन वर्ष झालेलं आणि अण्णांनी चाळीखालचा छोटा गाळा भाड्याने घेतलेला, एक टेबल, पिवळ्या बोर्डाचा पीसीओ आणि भिंतीवर कालनिर्णय. लाइन आता परळऐवजी स्टेशनातल्या रिझर्वेशनच्या खिडकीवर, पहाटे चारला उठून, डबा घेऊन.

मी कॉम्प्युटरचा, एमएससीआयटीचा क्लास लावला तो खरं सांगायचं तर घरातून दोन तास सुटका म्हणून, पण त्याने नशीबच फिरलं. रेल्वेच्या आयआरसीटीसीचं ऑनलाइन तिकीट ऑगस्ट २००२ मध्ये सुरू झालं, आमच्याकडे कॉम्प्युटर यायला पुढे दोनेक वर्षं गेली, आणि आला तेव्हा घरात माऊस धरता येणारी मी एकटीच. तेव्हा गंमत अशी होती की बुकिंग नेटवर करायचं आणि छापील तिकीट यायचं कुरियरने. अण्णा दर वेळी विचारायचे, कुरियरवाल्याने हरवलं तर? नेट तर असं चालायचं की सीट दिसली, पैसे भरायला गेलं की लाइन कट, आणि तेवढ्यात दुकानातला फोन वाजायचा, कारण नेट नि फोन एकाच वायरवर!

विमानाची तिकिटं आम्ही फोर्टातल्या एका मोठ्या एजंटकडून घ्यायचो, कमिशन वाटून. लाल कार्बनची ती तिकिटं आठवतात का कोणाला? हात लावला की बोटं लाल. १ जून २००८ पासून आयाटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, कागदी तिकीट बंदच केलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी विमान कंपन्यांनी एजंटचं ५ टक्के कमिशनही शून्यावर आणलं. मला कागद गेल्याचं काहीच वाटलं नाही, कमिशन गेल्याचं वाटलं. मग पन्नास रुपये सर्व्हिस चार्ज लावला तर पंधरा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक म्हणतं, वहिनी, साइटवर हे लागत नाही. काय बोलणार, बरोबरच होतं त्यांचं. तिथून आम्ही तिकिटं सोडून ग्रुप टूरकडे वळलो, अष्टविनायक, काश्मीर, चारधाम.

मार्च २०२० चं मात्र सविस्तर लिहिते. एप्रिलला आमचा काश्मीरचा ४२ जणांचा ग्रुप होता, पैसे विमानाला नि हॉटेलला भरून झालेले, आणि सगळंच बंद. एका विमान कंपनीने पैसे द्यायच्या ऐवजी क्रेडिट शेल दिलं, म्हणजे पैसे आमच्याकडेच ठेवा, नंतर उडा. आता सत्तर वर्षांच्या मावशींना क्रेडिट शेल कसं समजवायचं? त्यांनी पैसे मला दिलेले, माझ्या हातात. १ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाचा रिफंडचा निकाल आला, पण तोपर्यंत मी दोन पाटल्या मोडून, एफडी मोडून, हप्त्याहप्त्याने फोनवरूनच पैसे परत करायला सुरुवात केली होती. कोणाला पाचशे, कोणाला हजार, प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट ग्रुपच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. आधी सगळे चिडलेले, मग एकेकाचे अंगठे यायला लागले. रोख द्यायची असती तर लॉकडाऊनमध्ये जमलंच नसतं. त्या ४२ मधले बरेच जण नंतर आमच्याबरोबरच काश्मीरला गेले.

हल्ली लोक चॅटजीपीटीचा प्लॅन घेऊन येतात. परवा एक मुलगा आई-वडलांसाठी आला, प्लॅनमध्ये सकाळी केदारनाथ, संध्याकाळी बद्रीनाथ. म्हटलं, बाळा, सोनप्रयागला गाडी सोडायची, तिथून जीपने गौरीकुंड, मग १६ किलोमीटरचा चढ, आईचे गुडघे बघितलेस का? आणि चारधामचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन कम्पल्सरी आहे ते त्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हतं. तसं व्हिसाचं इंग्लिश पत्र मी पण चॅटजीपीटीकडूनच लिहून घेते हो, पत्रात त्याचा हात कोणी धरणार नाही.

तत्काळचं तर विचारूच नका. जुलै २०२५ पासून आधार जोडलेलं असेल तरच ऑनलाइन तत्काळ, वर ओटीपी, आणि एजंटला पहिला अर्धा तास बंद. नियम चांगलाय, दलालांनी सॉफ्टवेअर लावून लोकांना रडवलं होतं. पण आमच्यासारख्यांनी अर्ध्या तासाने जाऊन काढायचं काय, वेटिंग? एका स्लीपर तिकिटामागे अधिकृत एजंटला २० रुपये, एसीला ४०, त्यात चहापण होत नाही.

२०२५ ला गणपती २७ ऑगस्टला होते. आता रिझर्वेशन ६० दिवस आधीच उघडतं, म्हणून जूनच्या शेवटी चाळीतली पोरं सकाळी आठला आपापला फोन घेऊन गाळ्यात बसलेली, ज्याचा त्याचा आयडी, ज्याचा त्याचा ओटीपी. दोघांचं कन्फर्म झालं. बाकीच्यांच्या स्क्रीनवर वेटिंग, मग वेटिंगपण बंद आणि सरळ रिग्रेट, म्हणजे तिकीटच नाही. अण्णा खुर्चीत बसून बघत होते, म्हणाले, सूनबाई, परळ डेपोत जाऊन ये.

गेले. ग्रुप बुकिंगची एसटी केली, बायकांना अर्धं तिकीट, अण्णा पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून फुकट. ४४ सीटची गाडी होती, वहीत ४१ नावं झाली. राजापूरपर्यंत कोणाला यायचं असेल तर तीन जागा उरल्या होत्या, पण मागच्या टायरवरच्या, ते मी आधीच सांगत होते.