यंदा तरी वर्ल्ड सिरीज!

आज मरिनर्सच्या, म्हणजे आमच्या सिएटलच्या बेसबॉल टीमच्या मॅचला जाऊन आले. सिएटलचा पाऊस भुरभुरत होता, स्टेडियमचं छत सरकून बंद झालं आणि बाजूच्या रुळांवरून मालगाडीचा भोंगा वाजला. आला बाई एकदाचा सीझन!

शेजारी एक आजी बसल्या होत्या. मांडीवर स्कोअरकार्ड, हातात बोटभर उरलेली पेन्सिल. 1977 ला, टीमच्या पहिल्या सीझनपासून येतायत. तेव्हापासून टीम एकदाही वर्ल्ड सिरीजला, म्हणजे बेसबॉलच्या फायनलला पोचलेली नाही. 2001 ला 116 मॅच जिंकूनसुद्धा नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, अशी ही एकच टीम.

2025 च्या ऑक्टोबरात तर घास अगदी तोंडाशी आला होता. टोरांटोत वर्ल्ड सिरीजला जायची सातवी, शेवटची मॅच, 3-1 ने आपण पुढे, आणि टोरांटोच्या स्प्रिंगरचा तो होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा)! हरलो. त्या रात्री मी जेवले नाही.

आपला कॅल रॉली 2025 सारखे पुन्हा 60 होमरन मारेल असं मला वाटत नाही. 45 मारले तरी खूप. सगळी भिस्त पिचर्सवर, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांवर. गिल्बर्ट, कर्बी, वू तिघंही धडधाकट राहिले, तर सीझनच्या 162 मॅचपैकी 92 नक्की जिंकू, असं मी म्हटलं.

आजींनी कार्डाच्या कोपऱ्यात 95 लिहिलं आणि त्याभोवती गोल केला.