मरी ते मार्ला: ऊडनाडाटा ट्रॅक आणि गाडीपुढचं लोखंड

"मरी? हे काय गावाचं नाव झालं?" अण्णांनी नकाशातून डोकं वर काढलं. "मरीआईचा गाडा हितनंच निघाला काय?"

मरी हे साउथ ऑस्ट्रेलियातलं, ॲडलेडच्या उत्तरेला साधारण ६८० किलोमीटरवरचं, एक हॉटेल आणि दोन दुकानांचं गाव. इथून ऊडनाडाटा ट्रॅक सुरू होतो आणि सुमारे ६२० किलोमीटर कच्च्या रस्त्यानं मार्लाला स्टुअर्ट हायवेला मिळतो. जुनी 'घान' रेल्वे १९८० पर्यंत याच वाटेनं धावायची. यंदा जुलैमध्ये आम्ही तो पूर्ण केला. आमच्या प्राडोत मी, बायको, बारा वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेले अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णांनी एसटीत एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलंय, त्यामुळे प्रवासभर माझी परीक्षाच चालू होती. मागच्या हायलक्समध्ये मेलबर्नचा सातारकर मित्र आणि त्याची बायको.

लिहायला बसलोय ते मुख्यतः बुलबारसाठी, म्हणजे जनावर आदळलं तर धक्का झेलायला गाडीच्या नाकावर बंपरच्या जागी बसवतात त्या मजबूत चौकटीसाठी. निघण्याआधी त्यावर दोन महिने डोकं खाजवलं आणि परतल्यापासून तीन जणांनी तोच प्रश्न विचारलाय: बार कोणता घ्यावा?

तीन वर्षांपूर्वी हॉकर गावाच्या अलीकडे, संध्याकाळी, कंपनीच्या प्लास्टिक बंपरवर एक कांगारू घेतला होता. वेग सत्तरच्या आसपास. बंपर फुटला त्याचं काही नाही. पण त्यामागचा एसीचा कंडेन्सर आत दाबला गेला, त्यानं रेडिएटर फोडला, आणि पाच मिनिटांत हिरवं कूलंट रस्त्यावर. गाडीचं इंजिन ठणठणीत, चाकं ठणठणीत, आणि गाडी जागची हलेना. टो ट्रकवरून माघारी आलो. बुलबारचं खरं काम मला तेव्हा समजलं: रेडिएटर वाचवणं, म्हणजे गाडी पुढच्या गावापर्यंत स्वतःच्या चाकांवर जाईल. माणसं वाचवायला सीटबेल्ट आणि एअरबॅग असतात. बुलबार चुकीचा बसवला तर उलट त्यांच्याच कामात खोडा घालतो.

तेवढं एक नीट समजून घ्या. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळणारा बनवलेला असतो, आणि तो कसा चुरगळतो त्यावरून एअरबॅग कधी फुटायची ते ठरतं. तिथे वेल्डिंगवाल्याकडून जाड पाइप थेट चॅसिसला ठोकून घेतला की धक्का न चुरगळता आत येतो. इथे मिळणारे चांगले बार त्या मॉडेलसाठी, त्या वर्षासाठी बनवलेले असतात आणि त्यांचे ब्रॅकेट ठरावीक धक्क्याला दुमडतात. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: माझ्या गाडीच्या नेमक्या वर्षासाठी हा एअरबॅगला चालतो का, आणि तसं कागदावर द्याल का? 'सगळ्यांना बसतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. एकाच नावाच्या प्राडोचा चेहरामोहरा मधे बदललाय. २०१७ च्या शेवटानंतरच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या लोगोमागे रडार बसलंय, त्याच्यासमोर बारचा पाइप किंवा दिव्यांची पट्टी आली की क्रूझ कंट्रोल रुसतो.

आता लोखंड, ॲल्युमिनियम की प्लास्टिक? यावर इथे लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत सरळ आहे. स्टील जड, पण वाकलं तर आडगावचा वेल्डरसुद्धा ठोकून सरळ करतो. ॲल्युमिनियमचा बार जवळजवळ निम्म्या वजनाचा, गंजत नाही, पण त्याला वेल्ड करणारा माणूस सहजी मिळत नाही. प्लास्टिकचा, म्हणजे जाड पॉलिएथिलीनचा, लहान धक्क्याला दबून परत मूळ आकारात येतो आणि शहरात पादचाऱ्यासाठी त्यातल्या त्यात बरा. दिसायला मात्र कचराकुंडीचा भाऊ. (प्लास्टिकवाले रागावतील. रागवा.)

मला स्टील हवा होता आणि त्यावर विंचही, म्हणजे रुतलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र. विंच अडला तो वजनावर. प्राडोला सामानसुमान, माणसं धरून एकूण २,९९० किलोची मर्यादा. रिकामी गाडी २,३५० च्या घरात. उरले साडेसहाशेच्या आत. एका रात्री वहीत मांडलं: चौघं मिळून २६०, पाणी ६०, भरलेला फ्रिज ५०, दुसरी स्टेपनी ३५, टपावरचं कॅरिअर आणि तंबू ७५, कपडे-हत्यारं-भांडी ८०. झाले ५६०. राहिले ऐंशी. स्टीलचा बार पासष्टच्या आसपास, त्यातून काढलेला प्लास्टिक बंपर वजा. एवढं बसतं. त्यावर चाळीस किलोचा विंच? नाही बसत. मग विंचवर काट मारली आणि ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या खाचदार फळ्या) घेतले, शिवाय मागे मित्राची गाडी होतीच. एकटी गाडी जाणार असेल तर हिशेब बदलेल, पण हिशेब करा. निघायच्या आदल्या दिवशी गाडी भरून सार्वजनिक वजनकाट्यावर चढवली तेव्हा अण्णांना उसाच्या ट्रॉल्या आठवल्या. "काटा मारतोय का बघ," म्हणाले. नव्हता मारत. २,९६० आले.

पुढच्या स्प्रिंगचं बरेच जण विसरतात. साठेक किलो कायमचे नाकावर आले की गाडी पुढून बसते, ब्रेकला डोकं खाली घालते. स्प्रिंग बदला, पण विंचच्या वजनासाठीचे कडक स्प्रिंग विंच नसताना घेऊ नका, दाताचं पाणी होतं. आणि बार-स्प्रिंगचं काम झालं की हेडलाइट पुन्हा जुळवून घ्या. मी हे केलं नाही. पोर्ट ऑगस्टापर्यंत समोरचा प्रत्येक ट्रकवाला मला डिपर देत होता.

बारच्या वरच्या पाइपांना इथे हूप म्हणतात. हल्ली हूप नसलेले सपाट बार चालतात, दिसतात झकास. पण नर लाल कांगारू ऐंशी किलोच्या वरही जातो आणि तो उडी मारत येतो. इमू त्याहून वाईट: पाय लांब, धड वर. बारनं पाय उडवले की धड बॉनेटवरून काचेकडे येतं. म्हणून हूप हवेतच, आणि ते हेडलाइटच्या पुढून गेलेले हवेत. गुरांपुढे मात्र कुठलाच बार चालत नाही. या पट्ट्यात कुंपणाशिवायची कुरणं आहेत, पाचशे किलोचा बैल रस्त्याच्या मधोमध उभा असतो. त्याला एकच उपाय, वेळेत थांबणं.

आता रस्ता. मरीला फलकावर कोणता रस्ता उघडा, कोणता बंद ते लिहिलेलं असतं, तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाऊस झाला की रस्ता बंद करतात आणि बंद रस्त्यावर गेलं तर दंड बसतो. डिझेल मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला इथे मिळतं. टप्पे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचे, त्यामुळे प्राडोला चिंता नाही. टायरची हवा अठ्ठावीसपर्यंत उतरवली. मुरूम आणि गारगोटी, आणि मधेमधे पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा, त्यावरून गाडी अशी थरथरते की बोलताना आवाज कापतो.

मरीच्या पश्चिमेला डिंगोंना अडवणारं, पाच हजार सहाशे किलोमीटर लांबीचं कुंपण ओलांडलं. त्यानंतर दोन विमानं शेपटीवर उभी केलेली दिसतात, कुणा कलाकाराचं काम. लेकीला हे सगळ्यात आवडलं. काटी थांडा, म्हणजे लेक एअर, हा समुद्रसपाटीच्या खालचा खारा तलाव रस्त्यावरून दिसतो तो त्याचा दक्षिण भाग. आम्हाला क्षितिजापर्यंत पांढरं मीठ दिसलं. वारा इतका, की बायकोनं गाडीचं दार धरूनच फोटो काढला.

कॉवर्ड स्प्रिंग्जला मुक्काम. वाळवंटात खजुराची झाडं आणि कोमट पाण्याचा कुंड, रात्री थंडी चार अंशांवर. तिथे पोचायच्या तासभर आधीपासून पुढून 'टक्, टक्' ऐकू येत होतं. मी म्हणत होतो दगड. अण्णा म्हणाले, "दगूड असा ठेक्यात वाजत न्हाई." तंबू ठोकायच्या आधीच ते गाडीखाली आडवे. बारच्या डाव्या ब्रॅकेटचा खालचा बोल्ट दोन आटे सैल होता, वॉशरभोवती ताज्या चकाकत्या धातूची कड दिसत होती. मोठा पाना लावून कसला, बाकीचेही तपासले, आणखी एक पाव आटा फिरला. बसवणाऱ्यानं पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा कसून घ्या सांगितलं होतं, मी विसरलो होतो. तुम्ही विसरू नका, आणि तेवढ्या मापाचा पाना बरोबर ठेवा. नंतर अण्णांनी पांढऱ्या खडूनं प्रत्येक बोल्टवर आणि ब्रॅकेटवर मिळून एक रेघ ओढली. रेघ तुटली की बोल्ट हलला. एसटीच्या डेपोतली युक्ती. रोज सकाळी लेक टॉर्च घेऊन रेघा बघायची.

मित्राच्या ॲल्युमिनियमच्या बारवर एरिअलचा ब्रॅकेट होता, तो विल्यम क्रीकच्या पुढे लाटांवर तुटला आणि एरिअल वायरीला लोंबकळत राहिला. उंच, जड एरिअल बारवर लावायचा मोह आवरा. छोटा लवचिक पुरतो.

आल्जबकिनाच्या पुलावर जेवलो. ५७८ मीटरचा लोखंडी रेल्वेपूल, खाली बहुधा कोरडीच असणारी नील्स नदी. ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आम्ही गेलो तेव्हा स्वेटर घालून चहा पीत होतो.

या सगळ्यात मी ताशी साठ-सत्तरच्या वर गेलो नाही. अण्णांना ते खटकत होतं. "एवढं लोखंड लावलंयस आणि चालवतोस बैलगाडीवानी. मग लावलंस कशाला?"

उत्तर मार्लानंतर मिळालं. सहाशे किलोमीटर धुळीनंतर काळा गुळगुळीत हायवे, कूबर पीडी सव्वादोनशे किलोमीटरवर, तिथलं जमिनीखालचं हॉटेल बुक केलेलं. चारला गाडी थांबवायची हा माझाच नियम, तो मीच मोडला. जुलैत सूर्य पावणेसहा-सहाला बुडतो. सव्वापाचला डावीकडच्या झुडपांतून कांगारू निघाला. मी ब्रेक दाबला, स्टिअरिंग हलवलं नाही. (हे मनाशी घोकून ठेवा. इथे माणसं मरतात ती कांगारूला चुकवायला जाऊन गाडी उलटवल्यामुळे.) पन्नासच्या आसपास असताना डाव्या हूपवर आदळला. आवाज पोतं पडल्यासारखा.

गाडी बाजूला घेतली, दिवे लुकलुकते ठेवले, मागून येणाऱ्या मित्राला रेडिओवर सांगितलं. मग चॅनल ४० वर ट्रकवाल्यांना. मादी होती, मेलेली. पिशवी तपासावी लागते, आत पिल्लू जिवंत असू शकतं. बायकोनं हातमोजे घालून तपासली, रिकामी होती. मग अण्णांनी मागचे पाय धरले, मी शेपटी धरली, आणि आम्ही तिला रस्त्यापासून चांगलं लांब ओढत नेलं. कडेला टाकू नका. सकाळी त्यावर दोन मीटरहून रुंद पंखांचे गरुड बसतात, गाडी जवळ येईस्तोवर उठत नाहीत आणि उठतात ते काचेच्या उंचीवर. अण्णा काहीच बोलले नाहीत. हात मातीनं पुसले आणि गाडीत बसले.

बारवर एक ओरखडा, डाव्या इंडिकेटरची काच फुटलेली, हूप जेमतेम बोटभर मागे. रेडिएटर कोरडा. शेवटचा टप्पा चाळीसनं गाठला.

पुण्या-मुंबईच्या मित्रांना एक सांगायला हवं, कारण प्रश्न तिकडूनही येतात: थारला, स्कॉर्पिओला असलं काही बसवू का? नको. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलंय की बुलबार, क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात आहेत, कारवाई करा. तिथे रस्त्यावर समोर येतात ती माणसं आणि दुचाकी. इथेसुद्धा बारला नियम आहेत: कडा गोल हव्यात, गळ ठेवायची नळकांडी पुढे लावायची नाहीत, आणि विमा कंपनीला बार बसवल्याचं कळवायचं, नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण.

खेचून काढायची वेळ आली तर दोर फक्त रेटेड रिकव्हरी पॉइंटला, म्हणजे ओढण्याचा ठरावीक भार सोसायला बनवलेल्या कड्याला, लावा. बारच्या पाइपला नाही, जहाजावर गाडी बांधायच्या कड्यांना नाही, आणि टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) तर कधीच नाही. तो तुटला की तोफगोळ्यासारखा उडतो, माणसं मेलीत त्यानं. बार घेताना त्याच्यासाठी रेटेड पॉइंट वेगळे मिळतात का बघा, आणि बारमुळे ते झाकले जात नाहीत ना, तेही.

कूबर पीडीत इंडिकेटरची काच मिळाली नाही. ॲडलेडला बार जिथे घेतला तिथे गेलो तर म्हणाले, नुसती काच येत नाही, पूर्ण दिवा घ्यावा लागेल, आणि तो तीन आठवड्यांनी येईल. घेण्याआधी सुटे भाग विचारायचे राहिले होते. सध्या तिथे लाल टेप आहे. म्हणजे होती. अण्णांनी ती पाहिली, "इंडिकेटरला लाल कोण लावतं रे?" म्हणाले, आणि दुकानातून केशरी आणून लावली.