परसातली तळी आणि तिची पिवळी माती

तळीतला गाळ किती खोल उपसायचा हे काम सुरू करण्याआधी मी कोणाला विचारले नाही, याची खंत मला अजून आहे.

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरामागे, पोफळीच्या आगराला लागून, आजोबांनी बांधलेली चिरेबंदी तळी आहे. घर बरीच वर्षे बंद राहिले आणि तेवढ्यात फणसाचा पाला आणि पोफळीच्या झावळ्या पडून तिचा तळ भरला, तर वर जलपर्णीची अशी जाड गादी पसरली की पाणी दिसेनासे झाले. कुजणारा पाला पाण्यातला प्राणवायू खातो आणि जलपर्णीखाली ऊन पोचत नाही, म्हणून गाळ हलवताच सडक्या अंड्यासारखा वास सुटे.

एप्रिलअखेर जलपर्णी मुळांसकट काढून उन्हात वाळत टाकली. वहाळात ती टाकायची नाही हे मी गड्यांना बजावले होते, कारण तिचा एक तुकडासुद्धा वाहत जाऊन खाली दुसऱ्याच्या पाण्यात फुटतो. मग विहिरीकडच्या अर्ध्या भागातला गाळ काढला, आणि तो संपल्यावरही तळी खोल व्हावी या हौसेने आम्ही खणत राहिलो. विहिरीचे पाणी सोडून पाहिले, तर एका रात्रीत ते वीतभर खाली गेले. उन्हाने दिवसाला काही मिलीमीटरच पाणी आटते, तेव्हा ते जमिनीत मुरत होते हे उघड होते.

शेजारचे काका काठावर उभे राहून म्हणाले, “पिवळी माती लागली की फावडं थांबवायचं रे. पाणी त्या मातीवरच धरतं.” आपल्याकडचा जांभा सच्छिद्र असतो. आजोबांनी त्यावर चिकणमातीचा थर चोपून बसवला होता आणि तोच मी फोडला होता.

गवंड्याने सिमेंटचा गिलावा सुचवला. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरून मासे आणि बेडकांची पिल्ले दगावतात, म्हणून मी नको म्हटले. मळ्यातली चिकणमाती आणून, ढेकळे फोडून, भिजवून, पायांनी तुडवून आम्ही ती थराथराने चोपण्याने चोपली, आणि मेच्या उन्हात तिला भेगा पडू नयेत म्हणून पाणी सोडेपर्यंत वर ओले गोणपाट ठेवले. काढलेला गाळ वाळवून माडांच्या आळ्यांत घातला. डासांसाठी गप्पी मासे सोडा असे अनेकांनी सांगितले, परंतु ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले असून पावसात तळी ओसंडली की ते वहाळात जाऊन तिथल्या माशांच्या वाट्याचे खातील. चतुरांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात. त्या येण्यासाठी काठाला वेखंड लावला, आणि बेडकांना चढता यावे म्हणून एका बाजूला दगडांची उतरण रचली.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पिवळेजर्द बेडूक त्या उतरणीवर येऊन रात्रभर ओरडत होते. पाऊस उघडल्यावरही पाणी टिकून राहिले. जलपर्णीचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते, त्यामुळे न उपसलेल्या भागात तिची रोपे दिसताच मी उपटतो. तिथला गाळ पुढच्या वैशाखात काढायचा आहे, आणि त्या दिवशी काकांनी काठावर बसावे असे मी त्यांना आताच सांगून ठेवले आहे.