नवी ग्रँट नको, जुनी चालेल

मनिलात असताना माझं काम म्हणजे ईयूच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशावर चालणाऱ्या प्रोजेक्टांची प्रपोजलं लिहायची, लॉगफ्रेम (उद्दिष्टं आणि ती कशी मोजायची याचा तक्ता), बजेट, किती बायकांना ट्रेनिंग, सगळं. 18 मे 2017, गुरुवार, सकाळी ऑफिसात पोचले तर सगळ्यांच्या फोनवर एकच बातमी, फिलिपिन्स सरकार ईयूची नवी ग्रँट घेणार नाही. खुद्द ईयूच्या राजदूतांनीच सांगितलेलं. आकडा साधारण 25 कोटी युरो, आणि त्यातला मोठा हिस्सा दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरच्या मुस्लिम भागांसाठी, म्हणजे आमचं प्रपोजल जिथलं नेमकं तिथलाच.

तशी कुरबुर आधीपासून होतीच. राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंच्या ड्रग्जविरोधी मोहिमेत माणसं मरत होती, युरोपियन पार्लमेंट ठराव करत होती, मार्चमध्ये तर या मोहिमेवर टीका करणाऱ्या, अटकेतल्या सिनेटर लैला दे लिमांना सोडा असं पण म्हणून झालं, आणि दुतेर्तेंनी ईयूला मधलं बोट आदल्या वर्षीच दाखवलेलं. पण भाषणातल्या शिव्या वेगळ्या आणि अर्थखात्याच्या शिफारशीला राष्ट्राध्यक्षांची मंजुरी वेगळी. त्यात दुतेर्ते नुकतेच बीजिंगच्या बेल्ट अँड रोड परिषदेहून (चीनच्या पैशातून देशोदेशी रस्ते-बंदरं बांधायची योजना) आलेले, तेव्हा ज्याला जे जोडायचं ते त्याने जोडलं.

बॉस म्हणाला, फोन नको, जाऊनच ये. सरकारी ऑफिसातल्या ज्या मॅम आमची फाईल बघायच्या त्यांनी बसवलं आणि चहापाण्याआधीच सांगून टाकलं, ‘नवी फाईल आणू नका, चालू आहेत त्यांना कोणी हात लावत नाहीये.’ कारण विचारलं तर तेच अधिकृत उत्तर, देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायला वाव मिळेल अशी मदत नको. मग माझं प्रपोजल उघडून मानवी हक्कांच्या अटींच्या पानावर बोट ठेवलं.

‘हे पान काढलं तर?’

मी म्हटलं, ‘मॅम, हे पान नसेल तर ब्रसेल्स, म्हणजे ईयू, पैसेच देणार नाही.’

‘मग झालं तर,’ म्हणाल्या आणि हसल्या, आणि मला पण हसू आलं, कारण वरच्या लेव्हलला जे काय चाललं होतं ते या टेबलावर दोन वाक्यांत आटपलं होतं.

परत येताना टॅक्सीत मला खटकत होतं ते वेगळंच. जीएसपी प्लसचं काय? ही ईयूची व्यापार सवलत, म्हणजे फिलिपिन्सच्या सहा हजारांवर वस्तू युरोपात झिरो ड्यूटीने जातात, ट्यूना, खोबरेल वगैरे, आणि त्यासाठी मानवी हक्क, कामगार, पर्यावरण असे 27 आंतरराष्ट्रीय करार पाळायचे, वर युरोपचं मॉनिटरिंग. अटी बघायला गेलं तर आमच्या ग्रँटपेक्षा कितीतरी कडक. ते कोणी नको म्हटलं नाही. म्हणणार तरी कसं, निर्यातदार दुसऱ्या दिवशी दारात येऊन बसले असते. ग्रँट गेली तर ओरडणार कोण, मिंदानाओतल्या चार संस्था आणि आम्ही. तीनशे अब्ज डॉलरच्या वरची इकॉनॉमी, 25 कोटी युरोवर पाणी सोडून स्वाभिमानाची हेडलाईन मिळत असेल तर सौदा स्वस्तातच पडला ना. माझ्या मते एवढा हिशोब करूनच सगळं झालं होतं, रागाच्या भरात वगैरे काही नाही.

त्यात सरकारमधल्यांचंच एकमेकांशी जुळेना. नियोजनमंत्री पेर्निया म्हणाले की ही पॉलिसी म्हणता येणार नाही, टीकेवरची प्रतिक्रिया आहे, फार दिवस टिकणार नाही. (टिकली की, जानेवारी 2018 मध्ये व्यापारासाठीची साधारण 60 लाख युरोंची मदत पण नाकारली.) मिंदानाओतल्या कोताबातोच्या पार्टनर संस्थेचा फोन आला, आम्ही स्टाफला काय सांगायचं? बॉसने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाला नवीन प्रपोजल बंद करा, चालू प्रोजेक्टचं नो-कॉस्ट एक्स्टेंशन टाका, शिल्लक पैशात मुदत वाढवून मागू, ती काही नवी ग्रँट होत नाही. रात्री नऊपर्यंत बसून कागद तयार केले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मॅमनी, त्यातलं मानवी हक्कांचं तेच पान न उलटता, इनिशियल करून दिलं.