हिरव्या खांद्यांचा टोमॅटो

बियाण्यांच्या दुकानात टोमॅटोची पाकिटं मी उलटी करून बघते. पुढच्या चित्रांत सगळेच लालबुंद. मागे मात्र खरं काय ते छापलेलं असतं: जाड साल, टणक फळ, दूरच्या वाहतुकीस योग्य. नारायणगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याला हे गुण हवेतच, त्याचा माल क्रेटमधून परराज्यात जायचा असतो. माझा टोमॅटो गच्चीवरून ओट्यापर्यंत येणार. वाटेत फुटलाच तर सारात पडेल!

म्हणून माझं मत गावरानला. पातळ साल, चपटा, कडेला पाकळ्या पडलेला, आंबट. पिकला तरी देठापाशी हिरवी छटा राहते, आणि लोक कच्चा समजून तो बाजूला सारतात. बाजाराला एकसारखा लाल रंग हवा, म्हणून वाण काढणाऱ्यांनी हे हिरवे खांदे घालवले. त्याची किंमत काय पडली, ते 2012 साली संशोधकांनी दाखवून दिलं. ज्या जनुकीय बदलामुळे फळ सगळीकडून सारखं पिकतं, त्यानेच कच्च्या फळातलं हरितद्रव्य घटतं आणि साखरही कमी तयार होते. ‘पूर्वीची चव राहिली नाही’ म्हणणाऱ्या तमाम आज्यांना पुरावा मिळाला तो असा उशिरा.

गावरानचे नखरेही आहेत. वेलासारखा वाढतो, काठ्या-सुतळी मागतो, पाणी कमीजास्त झालं की तडकतो. बुटके वाण कुंडीत शहाण्यासारखे राहतात, पण बरीचशी फळं एकदमच देऊन मोकळे होतात. घरी तर रोज दोन-तीनच लागतात. चेरी टोमॅटो भरपूर फळतो, पण घरात मुलं असली तर स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही.

पांढरी माशी आली आणि पानं मुरडली, की मात्र चवीच्या गप्पा संपतात. त्यासाठी एका कुंडीत बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ लावावा. पानं मुरडणारा विषाणू, झाड वाळवणारा मर रोग आणि पानांवर डाग पाडणारा करपा, तिन्हींपुढे तो टिकाव धरतो. संकरित असल्याने त्याचं बी धरण्यात अर्थ नाही. गावरानचं मात्र धुऊन, सावलीत वाळवून पुढच्या वर्षी पेरता येतं.

मार्च सरता सरता ऊन तापतं, फुलं गळतात आणि उरलेली फळं लाल व्हायला कुरकुरतात. त्यांची वाट बघू नये. हिरवीच काढावीत, दाण्याचं कूट आणि चिमूटभर गूळ घालून परतावीत.