तिचं झालं, त्याचं राहिलं

मुळातच टुकार निघालेल्या ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचा, राग फार टिकत नाही. दोन-तीन भाग बघायचे, नाक मुरडायचं, आवडती मांगा (जपानी चित्रकथा) पुन्हा कपाटातून काढायची, विषय संपला. खरा वैताग आणतात त्या अर्ध्यापर्यंत झकास चाललेल्या मालिका. 'कारेशी कानोजो नो जिजो', म्हणजे चाहत्यांची 'कारेकानो', ही त्यातली माझी सगळ्यात जुनी तक्रार.

मासामी त्सुदा यांची ही मांगा १९९६ पासून २००५ पर्यंत 'लाला' या जपानी मासिकात चालली आणि तिचे २१ खंड झाले. गोष्ट शाळकरी प्रेमाची, पण नायिका नेहमीची लाजरीबुजरी नाही. युकिनो मियाझावा शाळेत हुशार, नम्र, सगळ्यांना मदत करणारी. घरी आली की केस बांधून, चष्मा लावून, जुनाट ट्रॅकसूट घालून घोकंपट्टीला बसते. कशासाठी? तर लोकांनी वाहवा करावी म्हणून. बाकी कुठलंही उदात्त कारण नाही! हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेत सोइचिरो आरिमा नावाचा मुलगा तिला मागे टाकतो आणि बाईसाहेबांच्या अंगाचा तिळपापड होतो. पुढच्या परीक्षेत ती त्याला हरवते, तर हा पठ्ठ्या मनापासून अभिनंदन करून मोकळा. तिच्या विजयातली सगळी हवाच निघून जाते. मग एकदा तो न सांगता घरी येतो, दारात धाकटी बहीण आहे असं समजून युकिनो त्याला सणसणीत लाथ घालते आणि सोंग उघडं पडतं. तोंड बंद ठेवायचं म्हणून आरिमा तिच्याकडून स्वतःची कामं करून घ्यायला लागतो. प्रेमकथेची इतकी लबाड सुरुवात मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही.

ऑक्टोबर १९९८ मध्ये गायनॅक्स स्टुडिओने ही मालिका टीव्हीवर आणली. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. 'इव्हँजेलियन'सारखी यंत्रमानवांची, जगबुडीची मालिका करून बसलेला माणूस मुलींच्या मासिकातली प्रेमकथा हातात घेतो, हेच नवल. पण त्याला ती कळली होती. मुलींच्या मांगामध्ये पानावर पांढरी जागा भरपूर असते, आणि मनातलं बोलणं संवादांच्या फुग्यांच्या बाहेर, त्या मोकळ्या जागेत तरंगत असतं. आन्नोने ती अक्षरं तशीच पडद्यावर आणली. मध्येच कच्ची पेन्सिल-चित्रं, सिग्नल, विजेचे खांब, रिकामे वर्ग. हलणारं काहीच नाही आणि तरी मुलीच्या डोक्यातला गोंधळ स्पष्ट ऐकू येतो. कमी पैशात भागवायची ही युक्तीही असेल. असू दे की. जवळपास प्रत्येक भागाच्या शेवटी तर चित्रंसुद्धा नाहीत. खरा कॅमेरा खऱ्या शाळेच्या व्हरांड्यातून चालत जातो आणि वर गायक योसुई इनोउएच्या जुन्या गाण्याची नवी आवृत्ती वाजते. ते गाणं मी कधीच पुढे ढकललं नाही.

आणि मग गाडी घसरली. 'मागील भागात आपण पाहिलंत' हे आपल्याकडच्या मालिकांमध्ये अर्ध्या मिनिटात उरकतं. इथे चौदावा भाग जवळपास त्यातच गेला आणि पुढच्या भागालाही ते शेपूट पुरलं. उत्तरार्धात दिग्दर्शनाची सूत्रं काझुया त्सुरुमाकीकडे गेली. एकोणिसाव्या भागात पात्रं कागदाची कापून, काड्यांना चिकटवून नाचवली आहेत. त्यावर नाराज झालेले पुष्कळ आहेत, मी त्यातला नाही. कागदी बाहुल्यांचा तो तमाशा मला धमाल वाटला. राग आहे तो भाग वाया घालवण्याचा. एकूण सव्वीस भाग हातात, त्यातले इतके पुन्हा तेच सांगण्यात गेले. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुली विज्ञानकथेवरचं नाटक बसवायला घेतात, तालमी सुरू होतात, आता पडदा वर जाणार म्हणून आपण सावरून बसतो, तर शेवटून दुसरा भाग सगळ्यात धाकट्या बहिणीला देऊन टाकलेला. सव्विसावा भाग संपतो आणि नाटक अजून व्हायचंच असतं.

यात दोष केवळ स्टुडिओचा नव्हे. मासिक महिन्यातून एकदा निघणार आणि मालिका दर आठवड्याला. मालिका सुरू झाली तेव्हा मांगा अजून पहिल्या काही खंडांतच होती. पुढचं लिहूनच झालं नव्हतं तर दाखवणार काय? हे हिशोबाने पटतं. पण राहून गेलं ते नेमकं काय, हे बघितलं की पटत नाही.

कारण या गोष्टीत सोंगं दोन आहेत. युकिनोचं सोंग विनोदी; ते पहिल्याच भागात गळून पडतं आणि ॲनिमेने ते मस्त रंगवलं. आरिमाचं सोंग मात्र भीतीतून आलेलं. जन्मदात्या आईवडिलांनी टाकलेला, काका-काकूंनी पोटच्या पोरासारखा वाढवलेला, 'शेवटी बापावरच जाणार' असं नातेवाइकांनी येता-जाता टोचलेला मुलगा. त्याचं चांगलं वागणं म्हणजे सततचा पहारा. ॲनिमे हे सूचित करतो, एक-दोनदा अंगावर काटा येईल इतकं छान सूचित करतो, आणि तिथेच सोडून देतो. मांगाच्या उत्तरार्धात त्सुदा त्याच्या आतल्या त्या अंधारात खरोखर उतरतात; हसरी गोष्ट बघता बघता काळीकुट्ट होते. काही वाचकांना तो भाग जड जातो. मला तोच त्या गोष्टीचा कणा वाटतो.

आणखी एक उपद्रव म्हणजे आवाज. आत्सुको एनोमोतोने युकिनोला दोन गळे दिलेत, शाळेतला साखरेत घोळलेला आणि घरचा कर्कश. एकदा ऐकल्यावर मांगा वाचताना ती त्याच आवाजात बोलते. आरिमाही चिहिरो सुझुकीच्या आवाजात बोलतो, पण शाळकरी आवाजात. पुढच्या खंडांतला मोडून पडलेला आरिमा त्या आवाजात ऐकायला जावं तर जमत नाही, तो आवाज तिथवर कधी गेलेलाच नाही. तेवढी पानं मी मुकीच वाचतो.

'फ्रूट्स बास्केट' या अशाच दुसऱ्या मालिकेचं नशीब निघालं. २००१ मध्ये सव्वीस भागांत अर्धवट सोडलेली ती गोष्ट २०१९ ते २०२१ या काळात पहिल्यापासून नव्याने, शेवटापर्यंत केली गेली. 'कारेकानो'च्या वाट्याला तसं काही आलेलं नाही. आलं तरी आन्नोचे ते सिग्नल आणि ते व्हरांडे त्यात नसतील, म्हणजे मी तेव्हाही कुरकुर करणारच.

मालिका बघू का, असं कोणी विचारलं तर मी अठराव्या भागापर्यंत बघ म्हणतो आणि नंतर सरळ पुस्तकं हातात घ्यायला सांगतो. त्यापुढचे भाग सुटले तरी काही बिघडत नाही, कागदी बाहुल्या तेवढ्या बघून घे. आणि हो, प्रत्येक भागाच्या अखेरीस युकिनोच्या दोन्ही बहिणी पुढच्या भागाची झलक सांगताना जी बडबड करतात, ती शेवटपर्यंत चुकवायची नाही.